बाणाची काडी आणि अग्निबाणाचे सुकाणू

अलिबागच्या श्रोत्यांपुढे अग्निबाणावर बोलायचे ठरले, तेव्हा माझ्या एका स्नेह्याने शंका काढली. तो म्हणाला, "नारळी-पोफळीच्या वाड्यांत आणि मचव्यांवर आयुष्य गेलेल्या माणसांना आकाशात जाणाऱ्या नळकांड्याशी काय कर्तव्य?" मी त्याला म्हटले, की या विषयाला याहून योग्य गाव शोधून सापडायचे नाही. एक तर होडीचे सुकाणू ज्याने हातात धरले आहे त्याला अग्निबाणाचे निम्मे शास्त्र आधीच अवगत असते. आणि दुसरे कारण आपल्या किनाऱ्यालगत शंभराहून अधिक वर्षे उभे आहे. आपण त्याच्या कुंपणावरून रोज फिरायला जातो, पण आत काय चालते ते विचारीत नाही, इतकेच.

मी म्हणतो ती आपली चुंबकीय वेधशाळा. पूर्वी मुंबईच्या कुलाब्याला (आपल्या किल्ल्याच्या नव्हे) पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे होत असत. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले आणि त्यांच्या विजेने ही नाजूक मोजमापे बिघडणार हे उघड झाले. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी ट्रामपासून दूर, तरीही मुंबईच्या जवळ अशी जागा म्हणून अलिबाग निवडले. १९०४ पासून येथे काम सुरू झाले. दोन वर्षे दोन्ही ठिकाणचे आकडे ताडून पाहिले आणि १९०६ साली कुलाब्याचे ते काम थांबले.

पुढे असे आढळले की, पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्तावर, सुमारे १०५ किलोमीटर उंचीवर, दिवसा पश्चिमेकडून पूर्वेकडे विजेचा एक अरुंद प्रवाह वाहत असतो. दक्षिणेत त्रिवेंद्रमच्या बाजूला त्याचा परिणाम जोरात जाणवतो. अलिबाग त्या पट्ट्याच्या बाहेर पडते. म्हणून दक्षिणेच्या आकड्यातून अलिबागचा आकडा वजा करतात, आणि उरतो तो त्या प्रवाहाचा हिशेब. आपले गाव या गणितात वजाबाकीची खालची रक्कम आहे!

परंतु जमिनीवर बसून केलेली वजाबाकी ती वजाबाकी. प्रवाहात प्रत्यक्ष उपकरण बुडवून पाहायचे तर तेथे जायचे कशाने? फुगा तितका उंच चढत नाही. उपग्रह इतक्या खाली टिकत नाही, विरळ हवेच्याच घर्षणाने तो कोसळतो. तेथे पोचतो तो एकटा अग्निबाण. म्हणून केरळच्या किनाऱ्यावरचे, चुंबकीय विषुववृत्ताला लागून असलेले थुंबा हे कोळ्यांचे गाव निवडले गेले, आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी संध्याकाळी तेथून नाइकी-अपाची जातीचा अमेरिकन अग्निबाण उडाला. पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे हे तेथे राबणाऱ्या तरुण मंडळींपैकी एक. त्या बाणाने वर जाऊन सोडियमची वाफ सोडली आणि आकाशात नारिंगी ढग उमटला.

त्या अग्निबाणात माणूस नव्हता आणि सुकाणूही नव्हते. तरी तो सरळ गेला. तो कसा, येथून आजच्या विषयाला सुरुवात होते.

या प्रश्नाचे अर्धे उत्तर मी लहानपणीच स्वतःच्या हाताने मिळवले होते. दिवाळीत नागावच्या आमच्या वाडीत आम्ही मुले बाण उडवीत होतो. एका बाणाची काडी मोडली. दारू भरलेली नळी शाबूत असताना एका काडीपायी बाण फुकट का घालवायचा, असा आमचा हिशेब. मी तो बिनकाडीचाच बाटलीच्या तोंडावर ठेवून पेटवला. पुरुषभर वर गेल्याबरोबर त्याने कोलांटी मारली, अंगणाला दोन प्रदक्षिणा घातल्या आणि तो शेजाऱ्यांच्या पेंढ्याच्या उडवीत शिरला. दव पडलेले होते म्हणून उडवी वाचली. माझी पाठ मात्र वाचली नाही. विचार करण्याजोगी गोष्ट ही, की दारू तीच होती, नळी तीच होती, गेली होती ती फक्त काडी. काडी जळत नाही, ढकलत नाही. मग ती करते तरी काय?

मोकळ्या हवेत कोणतीही वस्तू गिरकी घेते ती आपल्या गुरुत्वमध्याभोवती. बाण एका बोटावर आडवा धरा. जेथे तो तोलून राहील तेथे त्याचा गुरुत्वमध्य. आता दुसरा एक बिंदू मनात धरा. बाणाच्या अंगाला आडवी हवा लागली तर तिचा सगळा रेटा जणू एकाच ठिकाणी लागतो असे मानता येते. त्या ठिकाणाला दाबमध्य म्हणू. हा दाबमध्य गुरुत्वमध्याच्या मागे, शेपटीकडे असला, तर बाण जरा तिरपा होताच हवा त्याच्या शेपटीला ढकलते आणि त्याला पुन्हा रांगेत आणते. तो पुढे, नाकाकडे असला तर हवा नाकाडालाच धरते आणि तिरपेपणा वाढवत नेते. पहिला बाण स्थिर, दुसरा कोलांटीबहाद्दर. इमारतीच्या शिखरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा असतो, त्याचे शेपूट मोठे ठेवतात ते याचसाठी. शेपूट मागे ढकलले जाते आणि चोच वाऱ्याकडे वळते.

काडी लांब असते पण हलकी असते. तिच्यामुळे गुरुत्वमध्य थोडासा मागे सरकतो, दाबमध्य मात्र त्याहून कितीतरी अधिक मागे जातो. या दोहोंतले अंतर हीच स्थैर्याची पुंजी. ते निदान बाणाच्या जाडीइतके असावे असा बाण बनवणाऱ्यांचा ठोकताळा आहे. आपल्याकडे बखरींत बाणांच्या कैच्यांचे उल्लेख येतात, हैदर आणि टिपू यांचे लोखंडी नळ्यांचे बाण तर प्रसिद्धच आहेत; त्या सर्वांचे स्थैर्य काडीवर किंवा बांबूवर होते. टिपूचे बाण पाहून काँग्रीव्हने इंग्लंडात आपले बाण केले, तेही काठीचेच. १८४४ च्या सुमारास हेल नावाच्या इंग्रजाने काठी काढून टाकली आणि वायू तिरप्या वाटांनी सोडून बाणाला भोवऱ्यासारखा फिरवला. पुढे आले ते पंख. पंख म्हणजे आखूड केलेली, रुंद केलेली आणि चहूबाजूंना वाटून दिलेली काडीच होय.

येथे एक चूक सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण ती फार थोर माणसाच्या हातून झाली. सामान्य बुद्धीला असे वाटते की, एंजिन वर बसवले आणि इंधनाचे ओझे खाली टांगले, म्हणजे बाण आढ्याला टांगलेल्या कंदिलासारखा आपोआप सरळ लोंबेल. अमेरिकेच्या गोडार्डने १६ मार्च १९२६ रोजी द्रव इंधनाचा जगातला पहिला अग्निबाण उडवला त्याची रचना अशीच होती. तो अडीच सेकंद उडाला, सुमारे साडेबारा मीटर उंच गेला आणि ५६ मीटर दूर कोबीच्या शेतात पडला. कंदिलाचे उदाहरण चुकते कोठे? कंदिलाची दोरी आढ्याला बांधलेली असते. कंदील हलला तरी आढे हलत नाही. अग्निबाणाचे एंजिन मात्र त्याच्याच अंगाला जखडलेले. अंग कलले की रेटाही तितकाच कलतो, आणि सरळ करणारे कोणीच उरत नाही. गोडार्डने पुढे एंजिन खाली नेले.

तर पंख अग्निबाणाला सरळ ठेवतात. पण सरळ म्हणजे कोणाच्या सरळ? समोरून येणाऱ्या हवेच्या. आपल्याला जेथे जायचे आहे त्या दिशेच्या नव्हे. हा भेद नीट ध्यानात घ्यावा, कारण पुढच्या सगळ्या अडचणी त्यातूनच निघतात.

कोकणात खारे वारे आणि मतलई वारे कोणाला सांगावे लागत नाहीत. दिवसा समुद्रावरून खारा, रात्री-पहाटे जमिनीवरून मतलई. थुंब्यालाही आपल्यासारखाच पश्चिमेला समुद्र. समजा पहाटे मतलई सुटला आहे आणि पंखवाला अग्निबाण सोडला. वारा जमिनीकडून येतो. शेपूट समुद्राकडे ढकलले जाते, नाक जमिनीकडे वळते, आणि एंजिन तर पेटलेलेच आहे. म्हणजे हा बाण वाऱ्याबरोबर वाहत जाण्याऐवजी उलट वाऱ्याच्या तोंडावर, गावाच्या दिशेने धावू लागतो! एंजिन विझल्यावर मात्र तो इतर वस्तूंसारखा वाऱ्याबरोबर ढळतो.

हे वळणे किती असते, याचा हिशेब साधा आहे. सुटताना बाणाचा वेग सेकंदाला २० मीटर आणि आडवा वारा सेकंदाला ५ मीटर धरला, तर बाणाला हवा समोरून न येता १४ अंश तिरपी येत असल्यासारखी लागते. तोच बाण सेकंदाला ५०० मीटर वेगाने जात असला, तर त्याच वाऱ्याचा तिरपेपणा जेमतेम अर्धा अंश भरतो. म्हणजे सगळा घात पहिल्या काही क्षणांत, जमिनीलगतच्या वाऱ्याने होतो. म्हणून असे बाण लांब रुळावरून सोडतात, आणि पहिला टप्पा असा जोरकस ठेवतात की रूळ सुटतानाच पुष्कळ वेग आलेला असावा. सोडण्याआधी फुगे उडवून निरनिराळ्या उंचीवरचा वारा मोजतात आणि बाण जितका वळेल तितका रूळ आधीच उलट बाजूला कलवून ठेवतात. मतलई असेल तर समुद्राकडे थोडा अधिक. बाण समुद्रात पडायचा असतो आणि समुद्रात मचवे असतात. त्यांना आधी इशारा द्यावा लागतो. फुग्याचा हिशेब करणाऱ्याच्या हाती कोणाचा तरी बाप-भाऊ असतो, हे किनाऱ्यावरच्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही.

पंख किंचित तिरपे बसवले तर बाण स्वतःभोवती फिरतोही. नोझल केसभर वाकडे बसले असेल तर रेटा नेहमी एकाच बाजूला ओढील. बाण फिरत राहिला तर तो दोष सर्व दिशांना वाटला जाऊन बराचसा फिटतो. २० नोव्हेंबर १९६७ रोजी थुंब्याहून उडालेला ७५ मिलिमीटर जाडीचा पहिला रोहिणी बाण आणि त्याच्यामागून आलेली त्याची भावंडे, ही सगळी पंखांच्या जोरावर जाणारी, सुकाणू नसलेली.

उपग्रह नेणाऱ्याचे मात्र एवढ्याने भागत नाही. त्याला उभे सुटून हळूहळू आडवे व्हायचे असते आणि शेवटी जमिनीला समांतर असा सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेग गाठायचा असतो. शिवाय ३० किलोमीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या शंभरातला दीड भाग राहते. तेथे पंख म्हणजे कोरड्या वाळूवरचे वल्हे. तेथे काम येते ते नोझल.

नोझलचा आकार पाहून पुष्कळांना प्रश्न पडतो, की आधी अरुंद आणि मग पुन्हा रुंद, हे कशासाठी? रेवदंड्याच्या खाडीत ओहोटीच्या वेळी पाहा, पात्र चिंचोळे होते तेथे पाणी धावते आणि रुंद होते तेथे मंदावते. नोझलच्या अरुंद गळ्यापर्यंत वायूचेही तसेच होते. पण गळ्याशी वायू ध्वनीच्या वेगाला पोचतो आणि तेथून पुढे न्याय उलटतो. पाणी दाबून-सैलावून विरळ होत नाही, वायू होतो. ध्वनीच्या वेगापलीकडे गेलेला वायू रुंद जागेत इतक्या झपाट्याने विरळतो, की तेवढ्या पसरट वाटेतून निसटायला त्याला अधिकच पळावे लागते. शेवटी तो सेकंदाला दोन-अडीच किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. ही नळी स्वीडनच्या दे लाव्हाल याने वाफेच्या चक्रासाठी काढली. दुधातून साय वेगळी करण्याचे यंत्रही त्याचेच. गोडार्डने १९१५ मध्ये ती अग्निबाणाला लावून पाहिली, तेव्हा पूर्वी दारूतल्या शक्तीचा शंभरी दोन भाग कामी येत होता तो साठाच्या वर गेला.

या झोताला जरा तिरपे करता आले की सुकाणू तयार. आपल्याकडे साध्या होडीला मागे सुकाणू असते आणि यांत्रिक होडीला पाठीवर टांगलेले यंत्र असते. होडी थांबली की सुकाणू मेले, कारण त्याला पाणी अंगावरून वाहायला हवे. टांगलेले यंत्र मात्र उभ्या जागी होडीचे तोंड फिरवते, जोवर ते चालू आहे तोवर. पंख आणि नोझल यांचा फरक नेमका हाच. आणि दोन्हींत होडी वळते ती नाळ ओढून नव्हे, मागचा भाग बाजूला ढकलून. शंभर टनांचा रेटा एक अंशाने कलला तर शेपटीला सुमारे पावणेदोन टनांचा आडवा धक्का बसतो, एवढा पुरतो.

झोत कलवण्याच्या युक्त्या अनेक. १९४२ मध्ये जर्मनांनी उडवलेल्या व्ही-२ बाणात ग्रॅफाइटची चार पाती धगधगत्या झोतातच धरलेली होती. पुढे अख्खे एंजिन बिजागरीवर झुलवू लागले. आपल्या पी.एस.एल.व्ही.च्या दुसऱ्या टप्प्याचे 'विकास' एंजिन असेच झुलते; ही एंजिने विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात बनत आली आहेत. पहिला टप्पा घन इंधनाचा. त्याची मोटार म्हणजे दारूने ठासलेले प्रचंड पोलादी पिंप. ती आवरणे वालचंदनगरला होतात. ते झुलवणार कसे? तेथे नोझलच्या रुंद भागात एका बाजूने द्रवाची पिचकारी मारतात. ध्वनीहून जलद जाणारा झोत त्या द्रवावर आदळतो, तेथे दाब चढतो आणि झोत विरुद्ध बाजूला झुकतो.

पण कोणत्या क्षणी किती झुकवायचे? मुले तळहातावर काठी उभी धरतात, तिचा तोल सांभाळायला हात सारखा तिच्या खाली सरकवावा लागतो. क्षणभर नजर हटली की काठी पडली. मोठ्या अग्निबाणाचे तसेच असते. त्याला भलेमोठे पंख लावले तर वजन वाढते, हवेचा अडथळा वाढतो आणि वाऱ्याचे झोके अंग वाकवू पाहतात. म्हणून पंख लहान ठेवतात किंवा ठेवतच नाहीत, आणि स्थैर्याची उणीव नोझलच्या जागरूकतेने भरून काढतात. भोवऱ्याच्या तत्त्वावरची उपकरणे तिरपेपणा ओळखतात, गणकयंत्र हिशेब करते, नोझल हलते. माझ्या मते अग्निबाणविद्येतला खरा धाडसाचा भाग एंजिनाचा नाही, हा आहे. आपण होऊन उलटू पाहणारी वस्तू जाणूनबुजून बांधायची, आणि तिला क्षणोक्षणी आवरायचे!

हे आवरणे चुकले म्हणजे काय होते ते आपण दोनदा चांगले पाहिले आहे. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून एस.एल.व्ही.-३ प्रथम उडाला. पहिल्या टप्प्यात त्याला पिचकारीही होती आणि पंखांची टोके वळण्याचीही सोय होती. तो टप्पा नीट गेला. दुसऱ्या टप्प्यात बाजूच्या छोट्या झोतांनी दिशा राखायची होती. पण त्यासाठीचे तांबडे नायट्रिक आम्ल एक झडप नीट न मिटल्यामुळे आधीच गळून गेले होते. इंधन भरपूर, रेटा भरपूर, सुकाणू नाही. बाण बंगालच्या उपसागरात पडला. १८ जुलै १९८० रोजी त्याच्या भावाने ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत नेऊन ठेवला. या बाणांमागच्या घन इंधनविद्येत पुण्यात जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर यांचा वाटा फार मोठा.

दुसरी गोष्ट अधिक बोधप्रद, पण तिची चर्चा कमी झाली. ए.एस.एल.व्ही. या बाणाच्या कुशीला दोन मोटारी होत्या. त्या विझत आल्या की मधली मोटार पेटायची. १३ जुलै १९८८ च्या दुसऱ्या उड्डाणात हा खांदेपालट झाला तो नेमका दाट हवेत, जबर वेगात. एकीकडचा रेटा ओसरत होता आणि दुसरीकडचा अजून भरला नव्हता. टांगलेले यंत्र बंद पडलेल्या होडीसारखी गत. आणि अंगचे स्थैर्य तर मुळातच नव्हते. हवेने बाणाला फिरवले आणि तो मोडला. पुढच्या बाणात तज्ज्ञांनी मोटार पेटवण्याची वेळ बाणानेच प्रत्यक्ष रेटा पाहून ठरवावी अशी सोय केली, आणि आणखी एक गोष्ट केली: तळाशी पंख लावले. २० मे १९९२ रोजी तो बाण कक्षेपर्यंत पोचला.

गणकयंत्रे, झडपा, भोवरे हे सर्व असताना शेवटी पुन्हा काडीकडे यावे लागले, हे वाचले तेव्हा मला नागावची उडवी आठवली.

ज्यांना हे स्वतः पाहायचे असेल त्यांनी येत्या दिवाळीत एक बाण न पेटवता बाजूला काढावा. तो बोटावर तोलून त्याचा गुरुत्वमध्य शोधावा, तेथे दोन हात लांब दोरा घट्ट बांधावा आणि मोकळ्या जागी डोक्याभोवती फिरवावा. बाण नाक पुढे करून धावू लागेल. मग काडी निम्मी तोडून, गुरुत्वमध्य नव्याने काढून, दोरा तेथे सरकवून पुन्हा फिरवावा. मग आणखी थोडी तोडून. एका ठिकाणी असे होईल की बाण आडवाच हेलकावे खाऊ लागेल, नाक कोणते आणि शेपूट कोणते हे हवेला कळेनासे होईल. त्या वेळी किती काडी उरली ते मोजून ठेवावे.